अपेक्षांचे ऋण

अंगी असामान्य गुण घेऊन जन्मलेल्या माणसाकडून जग मोठ्या अपेक्षा ठेवते. त्या फळाला आल्या नाहीत तर तो माणूस कोणाचा अपराधी ठरतो का, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. खेळाच्या मैदानावर तो विशेष उघडा पडतो, कारण तिथले यशापयश आकड्यांत मोजले जाते आणि हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत घडते. अमेरिकी बेसबॉलमधील रिक अँकील या पिचरची कारकीर्द हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. सुमारे साडेअठरा मीटरवरून त्याने टाकलेला चेंडू ४३ सेंटीमीटर रुंदीच्या प्लेटवरून, फलंदाजाच्या गुडघ्याच्या आणि छातीच्या दरम्यान जावा लागतो. वेगवान चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. फलंदाजाने न खेळलेले चार चेंडू या चौकटीबाहेर गेले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. प्लेटमागे चेंडू झेलायला बसलेल्या कॅचरच्याही हाती न लागता चेंडू भलतीकडे गेला आणि त्याचा फायदा घेऊन धावपटू पुढच्या बेसवर सरकला, तर तो वाइल्ड पिच.

अँकीलला सेंट लुइस कार्डिनल्स या संघाने १९९७ मध्ये शाळेतून थेट निवडले आणि करारापोटी २५ लाख डॉलर दिले. १९९९ मध्ये तो दुय्यम लीगमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००० च्या हंगामात, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने १७५ डावांत १९४ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले. डाव्या हाताचा असा पिचर पिढीतून एखादाच निपजतो, असे जाणकार बोलू लागले होते.

३ ऑक्टोबर २००० रोजी अटलांटा ब्रेव्हजविरुद्ध बाद फेरीचा पहिला सामना झाला. नेहमीचा कॅचर माइक मथेनी खेळू शकला नव्हता. वाढदिवसाला भेट मिळालेल्या शिकारीच्या सुरीने त्याचे बोट कापले होते. पहिल्याच डावात संघाने ६ धावांची आघाडी घेतली. तिसऱ्या डावात मात्र अँकीलचे चेंडू भरकटू लागले. एक कॅचरच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे, पुढचा तसाच. त्या एका डावात त्याने चार वॉक दिले आणि पाच वाइल्ड पिच टाकले. एका डावात पाच वाइल्ड पिच १८९० नंतर कोणी टाकले नव्हते. सामना संघाने जिंकला, पण अँकीलचा हात पुन्हा पूर्वीसारखा वळला नाही. पुढच्या वर्षी त्याला आधी दुय्यम आणि मग सर्वांत खालच्या लीगमध्ये पाठवावे लागले.

यात आळस नव्हता, बेफिकिरी नव्हती, सरावात कसूर नव्हती. तरीही 'वाया गेलेला गुण' असा शिक्का बसला. या शिक्क्यामागे एक गृहीत आहे: गुण म्हणजे ऋण, आणि न फेडणारा तो ऋणको.

या गृहीताला धर्मपरंपरांचा आधार आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात धनी आपल्या तीन सेवकांकडे कमीअधिक धन सोपवून परगावी जातो. दोघे ते वाढवतात. तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो आणि शिक्षेला पात्र ठरतो. अंगची देणगी ही देवाची ठेव आहे, तिचा हिशेब द्यावा लागतो, असा बोध या दृष्टांतातून पिढ्यान् पिढ्या घेतला गेला. काल्व्हिनपंथी समाजात ऐहिक यश हे दैवी निवडीचे चिन्ह कसे मानले जाऊ लागले, हे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. असा वारसा असलेल्या समाजात अपयशाला आपसूक पापाचा वास येतो. वैदिक परंपरेतही माणूस देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मतो. पण ही ऋणे यज्ञाने, अध्ययनाने आणि संततीने फेडायची आहेत, आणि फेडीत विक्रमाची अट नाही. दृष्टांतातला तिसरा सेवकही धंद्यात बुडाला म्हणून शिक्षा भोगत नाही. त्याने धंदाच केला नाही, हा त्याचा दोष. चेंडू टाकत राहिलेल्या आणि चुकत राहिलेल्या पिचरला तो दृष्टांत लागू पडत नाही.

आधुनिक तत्त्वज्ञानाने या गृहीताच्या मुळालाच हात घातला. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात मांडले की जन्मजात गुण कोणी कमावलेले नसतात. त्यांचे वाटप नैतिक दृष्ट्या निव्वळ योगायोग असते. जे कमावले नाही त्याचे श्रेय पूर्णपणे आपले नाही. मग ते एकाएकी नाहीसे झाले तर त्याचा दोष तरी पूर्णपणे आपला कसा? टॉमस नेगल आणि बर्नर्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैव' या नावाने हीच अडचण मांडली: ज्यांवर माणसाचा ताबा नाही अशा गोष्टींच्या जोरावर आपण त्याची किंमत ठरवत असतो.

दोष ठरवण्याआधी बिघाड कुठे झाला हे पाहावे लागते. चिनी ताओ परंपरेतील 'झ्वांगझी' या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण आहे. पणाला कौले लावली की माणूस कौशल्याने खेळतो; कमरपट्ट्याची मौल्यवान कडी लावली की कचरतो; सोने लावले की गोंधळून जातो. कौशल्य तिन्ही वेळा तेच, फरक पडतो तो बाहेरच्या वस्तूला दिलेल्या वजनाने. अँकीलच्या २००१ च्या हंगामात याचे प्रत्यंतर दिसते. मेम्फिसच्या दुय्यम संघाकडून त्याने पाच डावसुद्धा पुरे न टाकता १७ वॉक दिले. त्याच वर्षी जॉन्सन सिटीच्या नवोदित संघात, जिथे पणाला फारसे काही नव्हते, त्याने ८८ च्या आसपास डावांत १५८ फलंदाज स्ट्राइकआउट केले. समोरचे फलंदाज कच्चे होते हे खरे, पण कच्च्या फलंदाजासमोरही चेंडू प्लेटवरूनच जावा लागतो, आणि तो जात होता.

बाहेरचे वजन हातापर्यंत कसे पोचते, याविषयी ह्यूबर्ट ड्रायफस आणि जॉन मॅकडॉवेल या तत्त्वज्ञांमध्ये २००७ मध्ये गाजलेला वाद झाला. त्यात उदाहरण बेसबॉलचेच होते. चक नॉब्लॉक हा यांकीज संघाचा क्षेत्ररक्षक विचाराला वेळच नसलेला अवघड चेंडू बिनचूक फेकी, पण सोपी, सावकाश फेक त्याला जमेनाशी झाली. ड्रायफस यांचा निष्कर्ष असा की मुरलेल्या कौशल्याचा शत्रू विचारच आहे. मॅकडॉवेल यांना तो मान्य नव्हता. कौशल्यात बुद्धी मुरलेलीच असते. स्वतःला बाहेरून न्याहाळणारी, कृतीपासून तुटलेली नजर तेवढी घातक. मॅकडॉवेल यांचे म्हणणे अधिक पटते, कारण पिचर विचार करतोच: फलंदाज कोण, चेंडू कोणता, बेसवर धावपटू किती. ज्या विचाराने घात होतो तो स्वतःविषयीचा असतो. आपण कोण ठरणार आहोत, हा.

इथे गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश आठवणे साहजिक आहे, आणि खेळाडूंना तो सर्रास केलाही जातो: फळाचा विचार सोड, म्हणजे फळ मिळेल. हा उपदेशाचा विपर्यास आहे. फळ मिळावे म्हणून फळाची आशा सोडणे ही आशाच झाली, फक्त आडवाटेने आलेली. दुसऱ्या अध्यायातील समत्व सिद्धी आणि असिद्धी दोन्हींना सारखेच लागू आहे. चेंडू नीट पडण्याची हमी त्यात कुठेही नाही.

तरीही एक अडचण उरते. फळावर अधिकार नाही, कर्मावर आहे, असे म्हटले तर अँकीलचे काय? त्याच्या हातून फळ निसटले नव्हते, कर्मच निसटले होते. जय मिळेना ही त्याची तक्रार नव्हती. चेंडूच टाकता येईना. या प्रश्नाचे उत्तर अठराव्या अध्यायात आहे. तिथे कर्म घडण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. या पाचांतून जे घडते त्याचा कर्ता एकटा मीच, असे मानणाऱ्याला गीता अज्ञानी म्हणते. म्हणजे केवळ फळच नव्हे, कर्माची तड लागणेही संपूर्णपणे माणसाच्या हाती नाही. ग्रीक-रोमन स्टोइक विचारही याच टोकाला पोचतो. धनुर्धराने नेम नीट धरावा, बाण लागणे न लागणे त्याच्याकडे नाही, हा स्टोइकांचा आवडता दाखला. एपिक्टेटसने आणखी पुढे जाऊन स्वतःचा देहही 'आपल्या ताब्यात नसलेल्या' गोष्टींच्या यादीत घातला. पिचरचा खांदा आणि बोटे त्या यादीत येतात. त्याच्याकडे उरतो तो संकल्प आणि प्रामाणिक यत्न.

मग यत्न तरी कुठवर चालू ठेवायचा? अँकीलची कोपरावर शस्त्रक्रिया झाली, २००४ च्या सप्टेंबरात तो मुख्य संघात परतला आणि १० डावांत त्याने एकच वॉक दिला. हरवलेला हात सापडल्यासारखा वाटत असतानाच, मार्च २००५ मध्ये, त्याने पिचिंग कायमचे सोडले. गीता त्यागाचे तीन प्रकार सांगते: मोहाने केलेला तामस, कष्टाच्या भयाने केलेला राजस, आणि आसक्ती व फळ सोडून कर्म करत राहणे हा सात्त्विक. वरवर पाहता हा त्याग राजस वाटतो. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त कर्मसंन्यासापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ ठरवला. पण अँकीलने खेळ सोडला नाही. तो पुन्हा खालच्या लीगमध्ये गेला, आउटफिल्डर म्हणजे बाहेरच्या मैदानातला क्षेत्ररक्षक आणि फलंदाज म्हणून नव्याने शिकला, आणि ९ ऑगस्ट २००७ रोजी मुख्य संघात परतला तेव्हा पहिल्याच सामन्यात त्याने होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, मारला. २००८ मध्ये त्याने २५ होमरन मारले. त्याने टाकून दिली ती इतरांनी रेखलेली आपली प्रतिमा. कर्म चालू ठेवून आसक्ती सोडणे म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. होमरन झाले नसते तरी हा निर्णय तितकाच योग्य ठरला असता. यशाने त्याला शोभा आली, प्रामाण्य आले नाही.

प्रश्नाची दुसरी बाजू अपेक्षा ठेवणाऱ्यांची आहे आणि तिच्याकडे सहसा डोळेझाक होते. १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सने डेव्हिड क्लाइड या १८ वर्षांच्या मुलाला देशातली पहिली निवड म्हणून घेतले. शाळा संपून काही आठवडे झाले असतील तोच, २७ जून रोजी, त्याला थेट मुख्य लीगच्या सामन्यात उतरवले. प्रेक्षकांअभावी खंगलेल्या त्या संघाच्या आर्लिंग्टन स्टेडियमवर त्या रात्री ३५,६९८ लोक जमले. मुलगा जिंकला. दोन सामन्यांनंतर त्याला शिकण्यासाठी खालच्या लीगमध्ये पाठवायचा बेत होता, पण तिकिटे खपत होती, म्हणून त्याला तिथेच ठेवले. १९७९ मध्ये त्याची मुख्य लीगमधली कारकीर्द संपली तेव्हा नावावर १८ विजय आणि ३३ पराभव होते. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, हा इमान्युएल कांटचा नियम इथे उघडउघड मोडला गेला. अपेक्षाभंगाचा जाब विचारायचाच असेल, तर तो आधी गल्ल्याकडे पाहून अपेक्षा फुगवणाऱ्यांना विचारायला हवा.

हिशेब असा लागतो. ज्याला गुण मिळाला त्याने तो पुरून ठेवू नये, एवढे त्याच्यावर बंधन आहे. ते यत्नाने फिटते, विजयाने नव्हे. लोकांच्या अपेक्षा हे लोकांनी आपल्या जबाबदारीवर लावलेले पण आहेत. ते हरले तर वसुली खेळाडूकडून करता येत नाही. आणि अपेक्षा ठेवणाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे: कोवळ्या वयाच्या गुणाला पिकायला वेळ देणे, आणि तो पिकला नाही तरी माणसाची किंमत कमी न करणे.