रजःकण आणि समुदाय

वैशाखात अकोल्याहून अमरावतीस येताना काळ्या जमिनीवरून उठणारी वावटळ पाहिली म्हणजे धुळीइतकी क्षुद्र वस्तू जगात नसेल, असे कोणासही वाटावे. परंतु ज्योतिःशास्त्र सांगते की, ही सबंध पृथ्वी अशाच धुळीतून घडली. नवजात ताऱ्याभोवती वायू व धूळ यांची विस्तीर्ण तबकडी फिरत असते. सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या एच. एल. टॉरी या ताऱ्याच्या तबकडीतील वलये २०१४ साली चिली देशातील आल्मा दुर्बिणीने स्पष्ट दाखविली.

या धुळीचे ग्रह होतात कसे? अतिसूक्ष्म कण हलकेच भेटले तर चिकटतात. पण ते खड्याएवढे झाले की वेग वाढतो, आणि टक्कर झाली असता ते जुळण्याऐवजी उसळतात किंवा फुटतात. शिवाय तबकडीतील वायू किंचित मंद फिरत असल्याने धोंड्यास सतत समोरचा वारा लागतो. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे तितक्या अंतरावरचा मीटरभर धोंडा अवघ्या शंभरेक वर्षांत ताऱ्यात जाऊन पडावा, असे गणित आहे.

यातून एक वाट यूडिन व गुडमन या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखविली. खडे दाटीने एकत्र आले म्हणजे भोवतालच्या वायूसही ते आपल्याबरोबर ओढतात. त्यांना लागणारा वारा मंदावतो. एकटे वाहत येणारे खडे त्यांस मिळतात. आणि अखेर तो थवा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आवळून त्याचा मोठा पिंड बनतो.

जडसृष्टीतून नीती काढणे हा तर्कदोष होय, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. खड्यास हेतू नाही, म्हणून पुण्यही नाही. तथापि दृष्टान्तास आज्ञा करता येत नसली, तरी प्रश्न विचारता येतो. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे 'स्वतः मोठे व्हा' एवढेच सांगत आलो. मुले मोठी झाली, दूरदेशी गेली. त्यांचे गाव मात्र होते तेथेच राहिले. आमचा उपदेश खोटा नव्हता, अपुरा होता. याच जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी खराट्याने गावोगावची धूळ झाडली, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभारल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या पुरुषास जे उमगले, ते आम्हां पदवीधरांस उमगू नये काय?

खडे एकत्र येतात ते वायूच्या ओढीने. मनुष्याने एकत्र यावयाचे ते स्वतःच्या इच्छेने. म्हणूनच तेथे जो केवळ योग, ते येथे कर्तव्य ठरते.