टाकाऊ कोण ठरवतं?

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊपासून टिकाऊ’ नावाचा प्रकार असायचा. फुटक्या बांगड्या, रिकाम्या काड्यापेट्या, आइस्क्रीमच्या काड्या. त्यातला ‘टाकाऊ’ हा शब्द तेव्हा कधी खटकला नाही. गेल्या वर्षी खटकला.

माझा स्टुडिओ म्हणजे पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीतलं घडीचं टेबल. दिवसभर कोड लिहून झाला की रात्री तासभर मी तिथे पोस्टकार्डाएवढी कोलाज करतो. दिवाळीत गावी गेलो, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली आणि घबाडच सापडलं. एसटीची तिकिटं, मनीऑर्डरच्या पावत्या, निळी आंतरदेशीय पत्रं. सगळं पिशवीत भरून पुण्याला आणलं.

एका पत्राच्या निळ्या कागदातून मी आभाळ कापलं. त्यावरच्या ओळी पावसासारख्या दिसत होत्या. कोलाज झकास जमलं. महिन्याभराने आई राहायला आली. तिने ते हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली.

“हे माझ्या आईचं अक्षर आहे. बाकीचं पत्र कुठंय रे?”

कापण्याआधी मी स्कॅन केलं होतं. मोबाइलवर दाखवलं. “सगळं वाचता येतंय,” मी म्हणालो. “येतंय,” ती म्हणाली, आणि कापून उरलेले तुकडे मागितले.

त्या रात्री मी स्वतःची वकिली बरीच केली. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, वेष्टणं, कागदाचे कपटे चिकटवून चित्रं करायचा. १९१९मध्ये आपल्या कलेला त्याने ‘मर्झ’ हे नाव दिलं, तेही एका बँकेच्या जाहिरातीतून कापलेल्या शब्दाचा तुकडा होतं. पण त्याचे कपटे कुणीतरी फेकलेले होते. माझे कुणीतरी ठेवलेले होते. धूळ बसली की दोन्ही सारखेच दिसतात.

आजीही जुनी लुगडी फाडून गोधडी शिवायचीच की. हो, पण लुगडं तिचं होतं, नेसून नेसून विरलेलं. ते संपलं हे तिने ठरवलं होतं.

ऑफिसात वापरात नसलेल्या कोडला आम्ही डेड कोड म्हणतो. तो उडवण्याआधी कुठून वापरला जातोय का, ते शोधतो. शिवाय उडवलेलं परत आणता येतं. कागदाला ती सोय नाही, तरी मी एवढंही शोधलं नाही. आई एका फोनच्या अंतरावर होती.

दुसरी बाजूही खरी आहे. ती ट्रंक कित्येक वर्षं कुणी उघडली नव्हती. अजून काही वर्षांनी कसरीने सगळं खाल्लं असतं. असं पत्र आहे हे आईही विसरली होती. मी कापलं म्हणून तिला ते पुन्हा दिसलं. पण विसरणं म्हणजे परवानगी नव्हे. आणि चित्र चांगलं झालं म्हणून न विचारता कापलेलं विचारून कापल्यासारखं होत नाही.

टाकाऊपणा वस्तूत नसतोच. तो एक निकाल असतो, आणि तो द्यायचा हक्क कात्री ज्याच्या हातात आहे त्याला आपोआप मिळत नाही.

कोलाज मी आईला देऊ केलं. “राहू दे भिंतीवर,” म्हणाली. जाताना उरलेली पत्रं आणि ते तुकडे घेऊन गेली. तिकिटांचा गठ्ठा तेवढा टेबलावर ठेवला होता.

“ती काप हवी तर.”