चौकशीला माणूस लावताना

कोल्हापूरकडे सोयरीक जमवताना पत्रिकेच्या आधी कुळी निघते आणि कुळीबरोबर कुलदैवत. उत्तर ‘जोतिबा’ आलं की चौकशीला वाट सापडते. वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर घराण्याघराण्याचे गुरव पुजारी ठरलेले असतात. चैत्र यात्रेला कुठल्या गावच्या सासनकाठीबरोबर कोण येतं, माघातल्या खेट्यांना कुणाच्या घरची माणसं चालत येतात, लग्नानंतर कोणतं जोडपं पाया पडायला आलं आणि कोणतं आलंच नाही, हे गुरवांच्या ओसरीवर बऱ्यापैकी ठाऊक असतं. त्यात भर हेळव्यांची. वह्या घेऊन दारी येणारा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचून दाखवणारा हेळवी घराचं मूळ गाव, फुटलेल्या शाखा, दत्तक गेलेला मुलगा असं सगळं सांगे. त्याची वही म्हणजे अर्धी वंशावळ आणि अर्धी पंचनामा.

विचारण्याचीही एक रीत होती. ‘पोरगं पितंय का?’ असं कुणी विचारत नसे. ‘पोरगं रानात राबतंय न्हवं?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. ‘तसं बरं हाय’ यातल्या ‘तसं’वर लग्नं मोडलेली आहेत.

या चौकशीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ती जातीच्या चौकटीबाहेर बघत नसे, मुलीच्या चालण्याबोलण्यावर मुलापेक्षा दसपट नजर ठेवी, आणि बांधावरून भांडलेल्या एखाद्या भाऊबंदाच्या एका वाक्यावर चांगलं स्थळ उधळलं जाई. पण तिच्यात एक गोष्ट होती. विचारणाऱ्याला चेहरा होता. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या घरी निरोप पोचलेला असे की अमक्याचे पाहुणे येऊन विचारून गेले. खोटं सांगणाऱ्याला आणि आगाऊ विचारणाऱ्याला, दोघांनाही पुढच्या यात्रेला एकमेकांसमोर उभं राहायचं होतं.

आता मुलगा हिंजवडीत, मुलगी बंगळुरूत, ओळख विवाहस्थळाच्या ॲपवर आणि आईवडील कोल्हापुरात. गुरवाला आजोबा माहीत, नातू नाही. फ्लॅटच्या दारावरची पाटी शेजाऱ्यानंही वाचलेली नसते. मग कुणीतरी हळूच सुचवतं की एखादा माणूस लावा. खासगी गुप्तहेर हा असा गुरव-हेळव्यांच्या रिकाम्या जागेवर आला आहे. (या विषयावर लिहिताना शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांचं नाव घेण्याची प्रथा आहे. ती मोडतो. ते राज्याचं काम होतं, हे एका घराचं आहे.)

पण या माणसाला पारखायचं कसं? इमारतीला रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला 2005च्या कायद्यानुसार परवाना लागतो. तुमच्या होणाऱ्या जावयाच्या मागावर राहणाऱ्या संस्थेला तसा कुठलाच परवाना नाही. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक 2007मध्ये राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून पाटीवर ‘सरकारमान्य’ लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ फार तर दुकानाची, कंपनीची किंवा जीएसटीची नोंदणी आहे एवढाच. निवृत्त पोलीस असणं ही ओळख झाली, अधिकार नव्हे. वर्दी उतरली की त्याचे अधिकार तुमच्याआमच्याइतकेच.

परवाना नाही, परीक्षा नाही, तक्रार ऐकणारं मंडळ नाही. अशा धंद्यातला माणूस तो काय काय करून देतो यावरून निवडू नये. कशाला नाही म्हणतो, ते आधी पाहावं. जाहिरातीत सगळेच सगळं करतात. तुम्ही सहज विचारा, ‘तिच्या मोबाइलचे कॉल तपशील मिळतील का?’ जो ‘दोन दिवसांत’ म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्यावा. कॉलचा तपशील, म्हणजे सीडीआर, कंपनीकडून मागण्याचा मार्ग तपास यंत्रणांचा आहे, आणि पोलिसांतही तो अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जातो. खासगी माणसाच्या हाती तो पडला, तर कुठेतरी कुणीतरी तो विकलेला असतो. 2018च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी नेमक्या याच आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. महाराष्ट्रातल्या या पेशाचा सर्वांत परिचित चेहरा असलेल्या रजनी पंडित यांनाही त्या प्रकरणात अटक झाली आणि पुढे जामीन मिळाला. एका खुनाच्या प्रकरणात संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून राहून माहिती काढल्याचं त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. मला यातली मोलकरीण महत्त्वाची वाटते. हा धंदा मुळात तंगडतोडीचा आणि वाट बघण्याचा आहे. घरबसल्या पडद्यावर सगळं दाखवतो म्हणणारा बहुधा दुसराच काहीतरी उद्योग करत असतो.

फोनमध्ये चोरून घातलेलं ॲप, बँकेचा उतारा, दवाखान्याचे कागद यांचंही तेच. स्त्रीच्या इंटरनेट आणि ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणारा पुरुष भारतीय न्याय संहितेच्या कलम 78च्या कक्षेत येतो, आणि काम करवून घेणारा पैसे दिले म्हणून त्यातून सुटत नाही. सार्वजनिक जागी दिसतं ते पाहणं, सांगायला राजी असलेल्याला विचारणं आणि खुली कागदपत्रं तपासणं, एवढाच या माणसाचा सरळ मुलूख आहे.

त्यातली कागदपत्रं तर घरबसल्या निघतात, आणि इथं पुष्कळ पैसे वाचतात. ‘आठ एकर बागायत’ म्हणणाऱ्या स्थळाचा सातबारा काढला की त्यावर सहा चुलत्यांची नावं आणि सोसायटीचा बोजा दिसू शकतो. कोर्टात पोटगीचा किंवा चेकचा दावा चालू आहे का, हे ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं. कंपनीचा संचालक असल्याचं कंपनी खात्याच्या नोंदींत दिसतं. हे झाल्यावर जे उरेल तेवढंच बाहेरच्या माणसाला द्यावं आणि तेही प्रश्न लिहून. ‘मुलगा कसा आहे बघा’ हे काम नव्हे, तो कोरा धनादेश झाला. ‘तो सांगतो त्या कंपनीत खरंच कामाला आहे का, त्याचं आधी लग्न झालंय का’ हे काम झालं. करारात प्रश्न, मुदत, टप्प्यानं द्यायचे पैसे आणि प्रत्यक्ष फिरणारा माणूस कोण, हे सगळं यावं. अनेक संस्था काम घेतात आणि दुसऱ्या गावच्या कुणाला तरी पोटकंत्राटानं देतात. मग तुमच्या घरची गोष्ट किती कानांवरून जाते याचा हिशेब राहत नाही.

लग्नाआधीच्या चौकशीत निदान नकार देऊन मोकळं होता येतं. लग्नानंतरचं प्रकरण अवघड. नवऱ्याबायकोच्या संशयात माणूस लावणारे बरेचजण उत्तर विकत घेतात, पण त्या उत्तराचं काय करायचं हे ठरवलेलं नसतं. आणि कळण्याचेही कायद्यात परिणाम आहेत. लग्नाच्या वेळी महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक झाली असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12खाली लग्न रद्द करून मागता येतं, पण फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत. आणि कळल्यावरही राजीखुशीनं संसार चालू ठेवला तर तो मार्ग बंद होतो. अहवालाचं पाकीट कपाटात ठेवून ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणणाऱ्यांनी हे वकिलाला आधी विचारलेलं बरं. व्यभिचार 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं गुन्हा राहिला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. जुलै 2025मध्ये त्याच न्यायालयानं पतीनं पत्नीच्या नकळत केलेलं संभाषणाचं ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल असं म्हटलं. तो निकाल जोडीदारानं स्वतः केलेल्या मुद्रणावरचा आहे. त्रयस्थानं दिवाणखान्यात यंत्र लपवावं अशी मुभा त्यातून काढणारे सल्लागार सापडतील, त्यांचं ऐकू नये. आणि फोटो कोर्टात न्यायचेच असतील, तर ते काढणारा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहील का, हे पैसे देण्याआधी विचारावं. पुष्कळजण तिथं मागे सरतात.

लग्नापूर्वीच्या चौकशीत समोरच्यांना सांगून टाकण्याची पद्धत का नसावी, हे मला कळत नाही. ‘आम्ही माहिती काढणार आहोत, तुम्हीही काढा,’ असं बैठकीत म्हणता येतं. पूर्वी दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांच्या गावी जातच होते आणि त्यात कुणाला अपमान वाटत नसे. सांगितल्यावर जे स्थळ बिथरतं, त्याच्याबद्दल फुकटात काहीतरी कळतं. काही लपवलेलं नसूनही दुखावणारी माणसं असतात, हे खरं. त्यांना समजावायला घरातलं वडीलधारं माणूस लागतं, आणि ते काम एजन्सीला देता येत नाही.

शेवटी राहतो तो अहवाल. लग्न जमलं नाही की आपण तो विसरतो, पण ज्या मुलीच्या ऑफिसबाहेर उभं राहून फोटो काढले, तिचे फोटो त्या संस्थेच्या संगणकात तसेच असतात. ती कधी घरातून निघते, कुणाबरोबर जेवते, कुठं राहते ते सगळं. तिला ते माहीतही नाही. काम संपल्यावर मूळ प्रत तुमच्या हाती देऊन बाकी सगळं पुसून टाकायचं, हे कलम करारात घालावं आणि शेवटचा हप्ता त्यावर अडवून ठेवावा.