अंजीर आणि पंचोदुंबर: भक्ष्याभक्ष्याचा एक प्रश्न

ताजे अंजीर खाण्याजोगे आहे की वर्ज्य, या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार जैन आचारशास्त्राने केला. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, कायमच्या सोडायच्या गोष्टींत दिगंबर परंपरा मद्य, मांस आणि मध यांच्या जोडीला पाच उदुंबर फळे धरते. या आठांचा त्याग म्हणजे श्रावकाचे अष्ट मूलगुण. श्वेतांबरांच्या बावीस अभक्ष्यांतही ही पाच फळे आहेतच. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्यांची नावे दिली: उंबर, वड, प्लक्ष, काकोदुंबर म्हणजे काळा उंबर, आणि पिंपळ. ही फळे कृमींनी भरलेली असतात, हे कारणही त्यांनी तिथेच सांगितले. भूक लागली आणि दुसरे अन्न मिळाले नाही, तरी पुण्यवान माणूस ती खात नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे.

या यादीत अंजिराचे नाव नाही. पश्चिम आशियातून आलेले हे झाड उंबराच्याच कुळातले; फळाची घडणही तीच. म्हणून पुढे काकोदुंबराच्या जागी अंजीर मोजण्याची रीत पडली आणि आजच्या बहुतेक घरगुती याद्यांत पाचवे फळ अंजीरच असते. नियम ज्या फळांसाठी झाला, त्यांच्या बाहेरून आलेल्या भावंडाला तो लागतो का, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात हा प्रश्न ग्रंथातून उतरून थेट ओट्यावर येतो. पुरंदर तालुक्यातले अंजीर, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हंगामात शहराच्या बाजारात येते. खट्टा बहार हिवाळ्यात आणि मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडावर. शहराजवळच्या दौलताबादच्या नावाने तर अंजिराचा एक वाणच ओळखला जातो, आणि ‘दिनकर’ हा सुधारित वाण त्याच्यातूनच निवडलेला. सूतगिरणी चौकापासून गजानन महाराज मंदिरापर्यंतच्या वस्त्यांत जैन, दत्तभक्त, वारकरी, बौद्ध आणि मुसलमान घरे एकाच बाजारातून फळ घेतात. एका घरी त्याची बासुंदी होते, दुसऱ्या घरी ते उंबऱ्याच्या आत येत नाही. शेजारच्या घरी वाटी पाठवताना गृहिणीला हा फरक माहीत असावा लागतो.

उंबराच्या कुळाकडे पाहण्याची भारतीय दृष्टी मुळात एकसारखी नाही. ऐतरेय ब्राह्मणात क्षत्रियाने सोमरसाऐवजी घ्यायच्या पेयाचे वर्णन आहे. वडाच्या पारंब्या आणि फळे, शिवाय उंबर, पिंपळ आणि प्लक्ष यांची फळे कुटून ते करायचे. जैन यादीतल्या पाचांपैकी चार फळे इथे राजाच्या यज्ञपात्रात आहेत. ‘गुरुचरित्रा’त हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह औदुंबराच्या फळांत नखे रोवल्यावर शमतो, आणि त्या झाडाला वर मिळतो. त्यामुळे दत्तसंप्रदायात औदुंबरावर कुऱ्हाड चालवत नाहीत. त्याची फळे खाण्यावर मात्र बंदी अशी नाही, आणि कोवळ्या उंबरांची भाजी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होते. कुराणाच्या ९५ व्या सूऱ्याचे नावच ‘तीन’, म्हणजे अंजीर. आरंभी अंजीर आणि ऑलिव्ह यांची शपथ आहे. ही नेहमीची खायची फळेच, की ती जिथे पिकतात त्या पवित्र भूमी, यावर जुन्या भाष्यकारांत मतभेद झाले. फळ खावे की नाही, हा प्रश्न तिथे उठलाच नाही.

जैन नियमामागे या झाडांविषयीची घृणा आहे, असे समजणे चूक ठरेल. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकाच्या जैन लेण्यांत ‘इंद्रसभा’ नावाचे ३२ वे लेणे आहे. तिथे हत्तीवर बसलेला यक्ष वडाच्या छायेत कोरला आहे. समोर सिंहावर बसलेली अंबिका आंब्याखाली. ऋषभनाथांना केवलज्ञान झाले तेही वटवृक्षाखाली, असे परंपरा सांगते. ज्या झाडाची सावली तीर्थंकराला योग्य, त्याचे फळ अपवित्र कसे असेल? नियम विटाळाचा नाही. फळाच्या आत जे राहतात, त्यांच्या जिवाची ती काळजी आहे. दत्तभक्ताचा नियम झाडाला वाचवतो, जैन नियम फळातल्या रहिवाशाला.

आणि तो रहिवासी कल्पनेतला नव्हे. उंबराचे फळ म्हणजे आतल्या बाजूला वळलेला फुलोरा. शेकडो बारीक फुले एका मांसल कोशात बंद असतात. मराठीत दुर्मीळ गोष्टीला उंबराचे फूल म्हणतात ते त्यामुळेच. कोशाच्या टोकाला डोळा असतो. त्यातून सूक्ष्म गांधीलमाशीची मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तुटतात. ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढची पिढी त्या फळातच वाढते. उंबर, वड आणि पिंपळ यांच्यात बीज आणि कीटक एकाच फळात तयार होतात, म्हणून पिकलेले उंबर फोडले की चिलटांसारखे जीव उडताना दिसतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय, केवळ निरखून, मध्ययुगीन आचार्यांनी जे लिहिले ते या फळांपुरते तंतोतंत खरे आहे.

महाराष्ट्रात लागवडीखाली असलेल्या अंजिराची गोष्ट वेगळी. स्मर्ना जातीच्या अंजिराला परागणासाठी गांधीलमाशी लागते. ती नव्हती म्हणून कॅलिफोर्नियात ही फळे गळून पडत, आणि १८९९ साली तिथे माशी मुद्दाम नेऊन सोडल्यावर पीक हाती आले. पुणे भागातले अंजीर परागणावाचून पोसते. फळात माशी जन्मावी लागत नाही, मरावीही लागत नाही. उंबराविषयी जे अनिवार्य, ते इथे घडतच नाही. पिकल्यावर डोळ्यातून मुंगी किंवा एखादी अळी शिरू शकते, पण तशी ती पेरूतही शिरते.

मग हे अंजीर निर्दोष म्हणावे का? याचे उत्तर शोधायला स्वयंपाकघरातल्या तीन क्रिया उपयोगी पडतात: चिरणे, शिजवणे आणि वाळवणे. प्रत्येक क्रिया नियमाची एकेक बाजू तपासते.

अंजिराची कोशिंबीर करताना घट्टसर, जेमतेम पिकलेली फळे घेतात. देठ काढून फळ उभे चिरतात. पांढरट सालीच्या आत गुलाबी-लालसर गर आणि मधोमध पोकळी दिसते. कीड असेल तर तिथेच काळसर डाग किंवा भुगा दिसतो आणि ती फोड बाजूला जाते. मग दाण्याचे कूट, मीठ, बारीक चिरलेली हिरवी मिरची, वर तुपात जिऱ्याची फोडणी. दही अगदी वाढताना घालावे लागते, कारण ताज्या अंजिराच्या चिकातले फिसिन हे विकर दुधातली प्रथिने तोडते आणि दही थोड्याच वेळात कडवट होते. या पाककृतीत नीतीचा भाग चिरण्याचा आहे. पाहून खावे, हा जैन आचाराचाच दंडक. बावीस अभक्ष्यांत ‘अज्ञात फळ’ही आहे, आणि अनोळखी फळ न खाण्याच्या व्रतामुळे वंकचूल वाचला, ही कथा त्यासाठीच सांगतात. फळ उघडून निरखणारा माणूस अज्ञान दूर करतो. पण उंबराच्या बाबतीत पाहणे पुरत नाही, कारण पाहिल्यावर जे दिसते ते नेमके जीवच असतात, आणि फळ उघडताना त्यांतले काही मेलेलेही असतात.

दुसरी क्रिया अग्नीची. जैन विचारात कच्चे फळ सचित्त, म्हणजे सजीव. चिरून, मीठ-मसाला लावून किंवा शिजवून ते अचित्त होते आणि मुनींनाही चालते. अंजिराची बासुंदी या रीतीने करतात. फोडी थोड्या साखरेत वेगळ्या शिजवून गार करायच्या, आटवलेले दूधही गार करायचे, मग दोन्ही एकत्र. न शिजवता घातल्या तर चिकाने दूध नासते. उष्णतेने विकर निकामी होते. अर्धकच्च्या अंजिराची भाजीही याच न्यायाने होते: मोहरी-हिंगाची फोडणी, हळद, तिखट, गोडा मसाला, शेवटी चिंच-गूळ. कांदा-लसणावाचून तिचे काही अडत नाही. प्रश्न असा की, अग्नी फळाला अचित्त करतो, तर उंबरालाही का करू नये? शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. अचित्त करण्याची सवलत एकेंद्रिय वनस्पतिजीवांपुरती आहे. हलणारे-फिरणारे त्रस जीव शिजवून टाकणे म्हणजे शुद्धी नव्हे, ती हिंसाच. चूल इथे सोडवत नाही, गुन्ह्यात सामील होते.

तिसरी क्रिया उन्हाची, आणि जैन विचार सर्वांत खोल जातो तो इथे. फळ झाडावरच वाळले, काळाच्या ओघात आतले त्रस जीव उरलेच नाहीत, कोणी मारले नाही, मग ते खायला काय हरकत? दहाव्या शतकाच्या सुमाराला अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त हा प्रश्न उभा केला आणि तरीही हिंसा होते असे म्हटले. त्यांच्या मते हिंसा म्हणजे राग, आसक्ती यांचा मनात उदय. प्राण्याचा मृत्यू हे तिचे बाहेरचे रूप. जिवांचे घर म्हणून ठाऊक असलेले फळसुद्धा, ते मरून जाण्याची वाट पाहून, खाल्लेच पाहिजे असे वाटणे, ही एक विशेष आसक्ती आहे. फळात हिंसा उरली नाही, खाणाऱ्यात उरली.

या युक्तिवादावर आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायला हवा. आसक्तीच दोष असेल तर हापूसची आसक्ती कमी आहे का? आमरसासाठी जीव टाकणाऱ्याला मूलगुण मोडल्याचा दोष लागत नाही. म्हणजे नुसती आवड हा मुद्दा नसणार. अमृतचंद्रांचा रोख विशिष्ट आसक्तीवर आहे: जिवांची हानी समोर दिसत असूनही जी थांबत नाही, पळवाट शोधते, ती. असे वाचले तर युक्तिवाद टिकतो, आणि मग त्याची मर्यादाही दिसते. ज्या फळात जीव असणे हा स्वभावच नाही, त्याच्याबाबत पळवाटीचा आरोप करता येत नाही. पुरंदरचे अंजीर चिरून, पाहून खाणाऱ्याला या कसोटीवर हिंसक ठरवणे कठीण आहे.

अंजीर वर्ज्य मानण्याचा दुसरा आधार ‘बहुबीज’ हा. बावीस अभक्ष्यांत पुष्कळ बिया असलेली फळे येतात, कारण प्रत्येक बीज एका जिवाची शक्यता. अंजीर चावताना कुरकुरणाऱ्या कणांमुळे ते इथे सहज बसते. परंतु परागणावाचून पोसलेल्या अंजिरातले हे कण पोकळ असतात. टरफल तयार होते, आत गर्भ नसतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला वडाचे फळ फोडायला लावतात, मग त्यातले बी फोडायला लावतात. मुलाला आत काही दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच एवढा वड उभा राहिला, असे वडील समजावतात. त्या बीजात काही दिसत नव्हते, पण झाड होते. पुण्याच्या अंजिराच्या कणात खरोखरच काही नसते. म्हणून शेतकरी बी पेरत नाही, फांदीचे कलम लावतो.

एवढे मान्य केल्यावरही मूलगुण घेतलेल्या श्रावकाने अंजीर खावे, असे सिद्ध होत नाही. व्रत ही वनस्पतिशास्त्राची विधाने नव्हेत. घर, स्वयंपाक आणि पंगत मिळून पिढ्यान्‌पिढ्या जी सीमा पाळतात, ती प्रत्येक नव्या वाणागणिक फिरून आखली तर तिची धारच जाते. उंबर आणि अंजीर यांतला भेद प्रत्येकाला कळेल, असे नाही. म्हणून पूर्ण कुळच सोडणे ही सावधगिरी आहे आणि तिला मान द्यायला हवा. चूक होते ती उलट बाजूने: नियम पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला कीटकभक्षक ठरवले, की नियमाने ज्या वस्तुस्थितीवर उभे राहायचे तीच सुटते.

पाश्चात्त्य धर्तीच्या पाककृती आता मराठी घरांत येत आहेत आणि त्यांनी प्रश्नाला नवी बाजू दिली आहे. ताजे अंजीर, वर मध, सोबत चीज, जोडीला वाइन, असे एक ताट घेतले तर आठ मूलगुणांपैकी तिघांचा भंग एकदम होतो, आणि त्यात सर्वांत वादग्रस्त अंजीर हाच घटक. मधाविषयी दोन्ही जैन पंथांत शंका नाही. चीजबाबत अडचण निराळी: पारंपरिक पद्धतीत दूध गोठवायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. याला जुना पर्याय अंजिराचाच आहे. भूमध्य प्रदेशात अंजिराच्या फांदीचा किंवा कच्च्या फळाचा चीक दुधात घालून ते गोठवण्याची रीत प्राचीन काळापासून आहे. ज्या फिसिनमुळे कोशिंबीर कडवट होते, तेच इथे काम करते. मांस खाणाऱ्या घरांत मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात. अंजिराचा ताजा लगदाही तेच करतो. जैन स्वयंपाकघराला मात्र चिकाचा हा गुण वेगळ्या कारणासाठी मोलाचा आहे. देठ किंवा पान तोडून काढलेला चीक फळाच्या कोशातून येत नाही, त्यात त्रस जिवांचा संबंध नाही, आणि त्याच्याने वासराचा जीव घेण्याची गरज टळते. पाच उदुंबरांचा नियम फळाविषयी आहे, चिकाविषयी नाही.