तुझं मराठी छान आहे!



मागच्या महिन्यात बाप्तिस्म्याची नोंद करायला एक तरुण बाप आमच्याकडे आला. आडनाव केरळचे, म्हणून आम्ही हिंदीत सुरुवात केली. तो मराठीत उत्तरे देत होता, आम्ही आपले हिंदीतच विचारत होतो. शेवटी तो म्हणाला, "फादर, मी शिरगावातच वाढलो." हेल अगदी आपल्या बदलापूरचा! आणि आमच्या तोंडून निघून गेले, "अरे वा, तुझं मराठी छान आहे!" तो हसला, पण थोडा उशिराने.

हेच वाक्य आपण ख्रिस्ती लोक लोकलमध्ये किती वेळा ऐकतो, आणि ते आपल्याला किती झोंबते! नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले. तरी २०२० च्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) साहित्य संमेलनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावर बोट ठेवलेच. मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स तर जन्माने इंग्रज. ते १६१६ साली छापले गेले.

नवल वाटणे हा दोष नव्हे. मन सवयीने अंदाज बांधते. पण हेल रक्तातून येत नाही, मूल ज्या गल्लीत खेळते तिथून येतो. कोकणातले बेने इस्राएल लोक इस्राएलला गेले, तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. आमची चूक पुढची होती. कान मराठी ऐकत होते आणि आम्ही विश्वास ठेवला आडनावावर. वर कौतुकही केले! कौतुक पाहुण्याचे होते. घरच्या माणसाला माठ कुठे आहे हे ठाऊक असले, तर त्याला कोणी शाबासकी देते का?

प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्राची बोली ऐकून लोकांनी त्याला गालीली म्हणून ओळखले, आणि तो घाबरला. पन्नासाव्या दिवशी त्याच गालीली माणसांच्या तोंडून परदेशी यात्रेकरूंनी आपापली भाषा ऐकली. तेव्हाही लोक थक्क झाले. काहींनी तर हे प्यायलेत म्हणून थट्टा केली. बाकीचे मात्र थांबून ऐकत राहिले.

बाप्तिस्मा येत्या रविवारी आहे. प्रार्थना कोणत्या भाषेत हव्यात, असे आम्ही त्या बापाला विचारले, या वेळी मराठीत. "एक मल्याळममध्ये ठेवा, गावाहून आजी येतेय," तो म्हणाला. "बाकी आपल्या नेहमीच्याच."