आधी वजन, मग नाव

बस. ते नाणं आधी कागदावर ठेव, घामट हातात धरू नकोस.

'रोमन ब्राँझ, कल्याण बंदर, पहिलं शतक' असं पाकिटावर लिहिलंस ते कशाच्या आधारावर? विकणारा म्हणाला, खाडीत सापडलं, आणि तुला एका बाजूला सम्राट दिसला. तुला तो दिसायलाच हवा होता! वजन केलंस? व्यास मोजलास? नाही. वर चिंच-मीठ लावून घासलंस. अरे, झिजलेल्या तांब्यावर उरलेली अक्षरं पुष्कळदा त्या हिरवट-काळ्या थरातच तग धरून असतात. तो थर गेला की कोणी तज्ज्ञ तो परत आणू शकत नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आता दिवा बाजूने धर, वरून नको. तिरप्या उजेडात उठाव कळतो. रोमन नाण्यावर चेहरा मधे असतो आणि अक्षरं काठाने गोल फिरतात. इथे? आडव्या ओळी आहेत. वर 'छत्र', खाली 'पति', मधे दोन समांतर रेघा. ही शिवराई आहे, मराठ्यांचं तांब्याचं नाणं; दोन रेघांची म्हणून दुदांडी, पेशवाईतली! दुसऱ्या बाजूला ज्याला तू सम्राटाचं नाक म्हणालास, तो 'श्री'चा वळसा. त्याखाली 'राजा', 'शिव'. १६५७ साली शिवाजी महाराजांनी जे कल्याण घेतलं, त्याच्या शेजारी डोंबिवलीत तू वाढलास आणि तुला देवनागरी वाचता आली नाही?

वजन केलं असतंस तरी घाई चालली नसती. रोमचं 'अ‍ॅस' हे नाणं साधारण ११ ग्रॅमचं, शिवराईही त्याच्या आसपास भरू शकते. चौथ्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी बहुतेक त्याहून खूप लहान, दोन-तीन ग्रॅमची. म्हणून वजन, व्यास, अक्षरांची मांडणी, चित्र, सगळं एकत्र तपासायचं. एकावर भिस्त ठेवायची नाही.

आणि कल्याणला मोठं करण्यासाठी खोटं नाणं कशाला लागतं? कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, ती जाऊन पाहा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत हे बंदर आहे. पण पुढे तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही त्यातच लिहिलंय. अर्धं वाचून अभिमान बाळगतोस!

खरंच जमिनीतून निघालं असेल, तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे तुला ठाऊक होतं का?

ते पाकीट फाड. उद्या सराफाच्या काट्यावर वजन करून आण, कॅलिपरने व्यास घे, दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो काढ. सापडल्याच्या जागी 'खाडी' लिहायचं नाही. 'विक्रेत्याचं सांगणं, पुरावा नाही' एवढंच लिहायचं, आणि खाली तुझी सही.