टक्का आणि तास

दुपारच्या सत्रातला तीन तासांचा पेपर होता. पाचला घंटा झाली, वर्ग रिकामा झाला आणि शेवटच्या बाकावर एक मुलगी आणि तिची रायटर, म्हणजे लेखनिक, तशाच बसून राहिल्या. शिपाई दोनदा दारात येऊन किल्ल्या वाजवून गेला. पर्यवेक्षक मीच होतो. त्या मुलीला आणखी एक तास आहे हे मला कागदोपत्री माहीत होतं. पण गठ्ठे बांधायचे होते, करमाडची बस गाठायची होती. मी म्हणालो, "अगं, अजून किती?" ती म्हणाली, "झालंच सर." झालेलं नव्हतं. वीस मिनिटांत तिने पेपर माझ्या हातात दिला. चाळीस मिनिटं मी तिच्याकडून काढून घेतली आणि बसमध्ये खिडकीची जागाही मिळवली.

ही गोष्ट बरीच वर्षं मी कुणाला सांगितली नाही, कारण मला ती चूक वाटतच नव्हती. आपण त्याला 'जादा वेळ' म्हणतो, आणि जादा म्हटलं की पंगतीत वाढप्याने वर टाकलेली जिलेबी आठवते. मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर तक्रार कसली? केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत याच शब्दाला हरकत घेतली आहे. 'जादा वेळ' म्हणू नका, 'भरपाईचा वेळ' म्हणा, आणि तो तासाला किमान वीस मिनिटं द्या, असं त्या सांगतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. अंध मुलगी उत्तर मनात जुळवते, वाक्य वाक्य करून सांगते, अवघड शब्द अक्षर अक्षर फोडून लिहवते, मग 'वाच बरं एकदा' म्हणते आणि चुकलेलं खोडायला लावते. तिचा वेळ तिथे जातो. तो तास त्याची भरपाई आहे. सूचना येऊन इतकी वर्षं झाली, तरी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर शब्द 'जादा वेळ' हाच.

पण मला आज त्या तासाबद्दल कमी आणि तो कागदावर येईपर्यंत काय काय होतं याबद्दल जास्त बोलायचं आहे.

आमचं करमाड जालना रोडवर, छत्रपती संभाजीनगर शहरापासून वीसेक किलोमीटर. मधे शेंद्र्याची एमआयडीसी आणि 'ऑरिक' नावाचं नवं औद्योगिक शहर. तिथले रस्ते इतके गुळगुळीत की पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यावं. समजा, इथली एक मुलगी बारावी झाली. लहानपणापासून एका हाताने अधू, लिहिताना बोटं आखडतात. तिला विद्यापीठाच्या परीक्षेत रायटर हवा आहे. पहिलं काम ऑनलाइन सेंटरवर. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज भरायचा. मग तपासणीची तारीख घेऊन घाटीत, म्हणजे शहरातल्या सरकारी रुग्णालयात, नंबर लावायचा. रेल्वे आहे, एसटी आहे, एसटीला अपंगांना तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलतही आहे. फक्त ती मिळवायला जे प्रमाणपत्र दाखवावं लागतं, तेच आणायला ही निघालेली असते. सोबत वडील, म्हणजे त्यांचा रोज बुडाला. डॉक्टर तपासतात, टक्का ठरतो. कार्ड येतं.

इथे काम संपलं असं घरच्यांना वाटतं. संपलेलं नसतं. २०१८ च्या सूचनांचा नियम असा होता: अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असेल तर मागितल्यावर रायटर द्यायचा. बाकीच्यांनी सिव्हिल सर्जन किंवा त्या दर्जाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून आणखी एक दाखला आणायचा: या उमेदवाराला लिहिण्यात शारीरिक अडचण आहे आणि रायटर लागेलच. आमच्या मुलीचा एकच हात अधू, म्हणजे ती 'बाकीच्यां'त आली. पुन्हा एसटी, पुन्हा रांग. आणि हे सगळं परीक्षेचा फॉर्म भरताना लक्षात आलं, तर हातात किती दिवस उरतात ते कॉलेजात नोकरी केलेल्याला सांगायला नको.

मग रायटर शोधायचा. स्वतःचा आणला तर २०१८ च्या सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं होतं. नियमामागची भीती समजते: एमए झालेला रायटर बीएच्या पोराचा पेपर स्वतःच लिहून टाकेल. पण रसायनशास्त्राच्या मुलाला कला शाखेचा बारावी पास रायटर मिळाला, की बेंझिनचा षटकोन तोंडाने कसा सांगायचा? रायटरला दोन दिवस आधी भेटता यावं, असंही त्याच सूचनांत लिहिलं होतं. प्रत्यक्षात ही भेट बहुतेक वेळा पेपरच्या आधी दहा मिनिटं, व्हरांड्यात होते.

आता टक्क्याकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव ठेवल्या, प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट दिली. या दोन गोष्टींसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. राखीव जागा मोजक्या, मागणारे अनेक. कुठेतरी रेघ ओढावीच लागणार. पण त्याच कायद्याचं सोळावं कलम शिक्षण संस्थांना प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सोय करायला सांगतं आणि सतरावं कलम परीक्षेतला वेळ आणि लेखनिक यांचा नाव घेऊन उल्लेख करतं. तिथे चाळीसचा आकडा नाही. जागा एकाला दिली की दुसऱ्याची जाते. तासाचं तसं नाही. एकीला तासभर दिला म्हणून शेजारच्या बाकावरच्या मुलाचा एक मार्क कमी होत नाही. तरीही आमच्या कार्यालयांत सगळीकडे एकच गज लावतात: चाळीस आहे का? नाही? मग बसा तीन तासच.

हा गज सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी मोडला. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, नागरी सेवा परीक्षेसाठी त्यांना लेखनिक हवा होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाचं म्हणणं, ही सवलत नियमातल्या ठरावीक गटांनाच. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या निकालाने सांगितलं की सोय ही गरजेवरून ठरते, चाळीस टक्क्यांची अट तिला लावता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी चाळीसच्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात नियम बदलून यूडीआयडी कार्डाला रंग आले: चाळीसच्या आतल्यांना पांढरं, त्यावर पिवळं, ऐंशीपासून पुढे निळं. म्हणजे पांढऱ्या कार्डाचा माणूसही सरकारच्या लेखी आहे. परीक्षा विभागाच्या खिडकीवर मात्र तो अजून पोचायचा आहे.

टक्क्याचा दुसरा चमत्कार त्याच महिन्यातला. ओंकार गोंड या विद्यार्थ्याचं वाचा आणि भाषेचं अपंगत्व चव्वेचाळीस-पंचेचाळीस टक्के. एमबीबीएसच्या नियमाप्रमाणे चाळीसच्या वर गेला म्हणून अपात्र. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण दिल्लीला गेलं आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नुसत्या आकड्यावर कुणाला बाहेर काढू नका, तो हा अभ्यासक्रम करू शकतो का ते मंडळाने तपासावं. चाळीसच्या खाली राहिला तर आरक्षण नाही, वर गेला तर डॉक्टरी नाही! हा आकडा कुणाच्या सोयीचा आहे, ते एकदा शोधायला हवं.

ज्यांचं अपंगत्व दिसतच नाही, त्यांचं काय? अध्ययन अक्षमता कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे. मुंबईत शीवच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी दहावी-बारावीच्या मुलांना तिचे दाखले कितीतरी वर्षांपासून मिळतात, त्यामुळे तिथल्या पालकांना हा शब्द ठाऊक आहे. आमच्याकडे त्याला 'मन लागत नाही' किंवा 'बापावर गेलाय' म्हणतात. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' ही चाचणी तयार केली, हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही. जोडाक्षरं, वेलांटी, रफार यांवर अडखळणाऱ्या मराठी मुलाला इंग्रजी चाचणीने मोजायचं नाही, इतका साधा विचार त्यामागे आहे. पण चाचणी शाळेत झाली नसेल, तर तो मुलगा बीएला येतो तेव्हा त्याच्याकडे कागद नसतो आणि एटीकेटीचे विषय मात्र साठलेले असतात.

आणि कागद असूनही लपवणारे असतात. मुलींच्या बाबतीत तर घरचेच सांगतात, कॉलेजात नाव कशाला लावायचं, उद्या स्थळं येतील. आपण 'अपंग'चं 'दिव्यांग' केलं, शिक्के बदलले, पाट्या रंगवल्या. स्थळ बघायला येणाऱ्याने शिक्का वाचला तर तो उठून जायचा तो जातोच. त्यातच २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून राज्यभर गदारोळ झाला आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस चष्मा सावरून विचारू लागला, हे खरं आहे ना? खोटे दाखले पकडावेत, जरूर पकडावेत. पण भरपाईच्या तासासाठी घाटीची रांग लावणारं पोर आणि पदासाठी कागद जमवणारा माणूस यांना एका चाळणीत घालू नये.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांकडून ऐकलेली एक पद्धत मला फार आवडली. विद्यार्थी विद्यापीठाच्या एका कार्यालयात नाव नोंदवतो, कागद तिथेच ठेवतो. प्राध्यापकाला पत्र जातं त्यात फक्त लिहिलेलं असतं, याला दीडपट वेळ द्यावा. आजार कोणता, ते प्राध्यापकाला कळत नाही. त्याला कळायची गरजही नाही. तिथेही नोंदणीचा बोजा विद्यार्थ्यावरच आहे, तो काही स्वर्ग नव्हे. पण दर सत्राला, दर वर्गात, दर पर्यवेक्षकासमोर हात उघडा करून दाखवावा लागत नाही.

आपल्याकडे घडत नाही असंही नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी वेगळं केंद्र आहे. त्याच कॉलेजातून बीए झालेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील, पूर्ण अंध, २०१७ मध्ये लागलेल्या नागरी सेवा परीक्षेच्या निकालात १२४ व्या आल्या. त्याच्या आदल्या वर्षी उत्तीर्ण होऊनही रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना अंधत्वामुळे नाकारलं होतं. आणखी मागे जायचं, तर बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवले. नोकरदार पोरांना कुणी 'विशेष सवलत' दिली नाही. कॉलेजने आपलं घड्याळ हलवलं. चार वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांनीच आमच्या शहरात मिलिंद कॉलेज सुरू केलं. मराठवाड्याचं विद्यापीठ १९९४ पासून त्यांचं नाव लावतं. त्यामुळे इथल्या प्राचार्यांना मी परदेशातलं काही शिका म्हणत नाही.

माझं मागणं छोटं आहे. प्रवेश अर्जात जातीचा रकाना आहे, उत्पन्नाचा आहे, गॅपचा आहे. 'वर्गात किंवा परीक्षेत तुला काही वेगळं लागेल का?' अशी एक ओळ आणखी घाला, सगळ्यांसाठी, टक्का न विचारता. 'हो' म्हणणाऱ्याला कॉलेजने पहिल्याच महिन्यात बोलवावं. दाखला नसेल तर कुठून काढायचा ते सांगावं. रायटरची यादी ऑक्टोबरच्या आत तयार ठेवावी, ज्युनिअरच्या हुशार मुलांतून. आणि सहा वाजेपर्यंत थांबणाऱ्या पर्यवेक्षकाला आणि शिपायाला त्या तासाचा भत्ता द्यावा, म्हणजे माझ्यासारख्याचा डोळा बसवर राहणार नाही. पुढच्या जूनपासून होण्यासारखं आहे. त्या ओळीच्या छपाईचा खर्चही नाही, अर्ज आता ऑनलाइनच भरतात.